गप्प झालेला पंखा

एका गावात कोष्ट्यांची एक पेठ होती. त्या पेठेत भागोजीआप्पा नावाचे एक शहाणे गृहस्थ राहायचे. आपण शहाणे आहोत असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. पेठच म्हणायची, आणि ते अडवायचे नाहीत. विणकर मंडळाचे ते बावीस वर्षं अध्यक्ष होते. निवडणूक अशी कधी झालीच नाही, कारण आप्पांच्या विरुद्ध उभं राहायचं तर आधी त्यांच्या पाया पडून परवानगी घ्यावी लागली असती.

पण खोटं कशाला बोला, आप्पांचा कान अस्सल होता. सकाळी ते गल्लीतून निघाले की कुणाच्या मागाचा धोटा अडखळतोय, कुणाच्या फणीत धागा तुटलाय, हे त्यांना रस्त्यावरूनच कळायचं. दारातूनच सांगायचे, "नामा, डाव्या अंगाला बघ." नामा बघायचा, तर डाव्या अंगाला खरंच चार धागे तुटलेले असायचे. पेठेतला प्रत्येक विणकर त्यांच्या हाताखाली शिकला होता, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच धडा मिळाला होता: "मागाचा आवाज बदलला की हात थांबव. आधी थांब, मग बघ, मग बोल."

या पेठेचं धन म्हणजे नक्षीचे कागद. चौकटी आखलेल्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काठ आणि पदर मांडलेले. एक चौकोन म्हणजे एक धागा. असे तीनशे बारा कागद आज्या-पणज्यांपासून चालत आलेले होते, चौंडेश्वरीच्या देवळामागच्या खोलीत एका पत्र्याच्या पेटीत. खोलीची किल्ली आप्पांच्या कमरेला. कुणाला नक्षी हवी असली तर त्याने खोलीत यायचं, बसून आपला कागद उतरवून घ्यायचा, आणि साडी मागावरून उतरली की तो कागद आप्पांच्या हातात द्यायचा. आप्पा तो चुलीत घालायचे. नक्षी पेठेबाहेर गेली की पेठेचं पोट गेलं, असं ते म्हणत. यात तथ्य नव्हतं असं नाही.

मग त्या कागदांना कसर लागली. कोपरे गेले, मोरांचे पाय गेले, वेलींना भोकं पडली. मंडळाने एक कॉम्प्युटर घेतला आणि हिराक्काला बसवलं. हिराक्का पन्नाशीची विणकर. नवरा गेल्यापासून दोन माग एकटीने चालवत होती आणि नजर सुईसारखी होती. ती रोज दुपारी खोलीत यायची आणि एकेक चौकोन मोजून पडद्यावर मांडायची. चार वर्षं लागली. कसरीने खाल्लेलं सुद्धा तिने म्हाताऱ्या विणकरांना विचारून विचारून भरून काढलं. तीनशे बारावी नक्षी झाली तेव्हा पेठेने पेढे वाटले. पेढा आधी आप्पांना मिळाला.

आता जुन्या कागदांचं काय करायचं, यावर सभा बसली. देवीची हळद लागलेले कागद. रद्दीत घालता येत नाहीत, जाळता येत नाहीत. असल्या गोष्टीला पेठेची रीत एकच: नदी. हिराक्का म्हणाली, "राहू द्या की पेटीत. खातात थोडेच." आप्पा म्हणाले, "एक देव दोन देव्हाऱ्यांत ठेवत नाहीत, हिरे." वाजतगाजत कागद नदीत गेले. पाण्यावर लाल-हिरवे चौकोन बराच वेळ तरंगत होते म्हणतात.

तिने आणखी एकदा विचारलं. सगळ्या नक्ष्यांची एक नक्कल बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर करून ठेवू का? आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने देवीचं मंगळसूत्र मागितलं. "जे खिशात मावतं ते खिशातून जातं," ते म्हणाले. छापायचं यंत्रही त्यांनी घेऊ दिलं नाही. तीनशे बारा नक्ष्या कॉम्प्युटरच्या एका पेटीत, पेटी एका खोलीत, खोलीची किल्ली एका कमरेला. आप्पांना वाटलं, यापेक्षा सुरक्षित काय असतं?

त्या वर्षी खंडेनवमीला मागांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली. पडद्याला हळदकुंकू, पेटीला झेंडूचा हार, अक्षता वरून आणि मागून. उदबत्तीचं घर नेमकं मागच्या जाळीपाशी ठेवलं, म्हणजे धूर छान आत जातो. पेठेत सुताची लव तर हवेतच असते. ती वर्षभर आत जातच होती. दिवाळी झाली आणि पेटी कुरकुरायला लागली. सकाळी चालू केली की खर्रर्र आवाज यायचा. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा खर्रर्र.

हिराक्काने हात थांबवला. थांबली, बघितलं, मग बोलायला आप्पांकडे गेली आणि त्यांना खोलीत घेऊन आली. गेनूकाका बरोबर आलेच. गेनूकाका मंडळाचे चिटणीस. आप्पांचं वाक्य संपलं की त्यातला शेवटचा शब्द पुन्हा म्हणायचा, हे त्यांचं काम.

हिराक्काने पेटीच्या मागच्या जाळीसमोर सुताचा एक धागा धरला. "हे बघा. दसऱ्याआधी असा धरला की आडवा उडायचा. आता नुसता हलतोय. आत विजेचा डबा आहे, पॉवर सप्लाय म्हणतात. बाहेरची वीज घ्यायची आणि आतल्या सगळ्यांना वाटून द्यायची, हे त्याचं काम. त्यात तो तापतो. हा त्याचा पंखा. ऊन हवा बाहेर फेकतो. तो दमलाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"तालुक्याच्या इरफानला फोन केला होता. कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो."

आप्पांचा चेहरा उतरला नाही, चढला. "पेठेची गोष्ट तालुक्याला सांगितलीस?"

"नक्षीचं नाही बोलले, आप्पा. पंख्याचं बोलले. तो म्हणाला, आत कचरा असेल तर झाडून देतो, नाहीतर डबा बदलू, सोपं काम आहे. तोवर चालू करू नका. इथं येतो, तुमच्यासमोर करतो."

"समोर करतो म्हणजे बघतो. बघतो म्हणजे नेतो."

"नेतो," गेनूकाका म्हणाले.

"पंखा बघायला आलेला माणूस मोर कशाला नेईल?" हिराक्काने विचारलं.

आप्पांनी तेलाची डबी मागवली. मागाला तेल घालायची लांब चोचीची डबी. पन्नास वर्षांत कुरकुरणारी कितीतरी लाकडं आणि लोखंडं त्यांनी गप्प केली होती. त्यांनी पेटी बंद करायला लावली, जाळीतून चोच आत घातली आणि चांगलं सढळ हाताने तेल सोडलं. पेटी पुन्हा चालू केली. आवाज नाही.

"झालं," आप्पा म्हणाले. "याला मिस्त्री लागतो होय?"

चार दिवसांनी पेटी पुन्हा कुरकुरली. आप्पांनी पुन्हा तेल घातलं. तेलाला लव चिकटली, लवेला उदबत्तीची राख चिकटली, राखेला आणखी तेल मिळालं. पंख्याच्या कण्याभोवती मेणासारखा गोळा झाला. आठवड्याभरात पेटी अशी शांत झाली, की चालू आहे की बंद हे पडद्याकडे बघूनच कळावं. आप्पा मुद्दाम दोन-चार म्हाताऱ्यांना घेऊन आले आणि ती शांतता ऐकवली. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नसलेल्या आवाजाला दाद देणारी माणसं एका जागी इतकी क्वचितच जमतात.

हिराक्काने पुन्हा जाळीसमोर धागा धरला. धागा सरळ खाली लोंबत राहिला.

"हा बरा नाही झाला, आप्पा," ती म्हणाली. "हा गप्प झालाय."

"हिरे, मी पन्नास वर्षं यंत्राला तेल घालतोय. तू चार वर्षं बटणं दाबतेस."

म्हातारे हसले. ती हसू संपेपर्यंत थांबली. "तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आवाज बदलला की हात थांबव."

"ते मागाचं. आणि आता आवाज आहेच कुठं?"

"आहेच कुठं," गेनूकाका म्हणाले.

"मग मी ही पेटी चालू करणार नाही," हिराक्का म्हणाली. तिने चपला घातल्या आणि घरी गेली. तिच्या मागे कोणी गेलं नाही. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तिचं पटलं होतं, हे नंतर त्यांनीच सांगितलं. नंतर सांगणं म्हाताऱ्यांना छान जमतं.

मार्गशीर्ष उजाडला. पौषात देवीचा उत्सव. दर वर्षी देवीला पेठेची नवी साडी नेसवतात आणि वर्षभराने जुनी साडी निर्माल्याबरोबर नदीत सोडतात. कोणत्या वर्षी कोणती नक्षी, हे ठरलेलं असतं. देवीच्या बारा नक्ष्या वेगळ्या, त्या दुसऱ्या कुणासाठी विणत नाहीत. त्या वर्षी पाळी होती मागे वळून पाहणाऱ्या मोराची. ती आप्पांच्या वडिलांनी मांडलेली. मोर पुढे चाललाय आणि मान मागे वळवून आपल्याच पिसाऱ्याकडे बघतोय. ती मान इतकी अवघड, की वडिलांना ती मांडायला एक पावसाळा लागला होता. आप्पांनी ठरवलं होतं, ही साडी आपण स्वतः विणायची. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पुढच्या पाळीला शहाऐंशीचे झाले असते. म्हणजे नसतेच, हे त्यांनाही कळत होतं.

एका सकाळी ते चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन खोलीत एकटे बसले. हिराक्काला बोलवायचं नव्हतं. पेटी चालू कशी करायची ते त्यांनी गेनूकाकांच्या नातवाकडून शिकून घेतलं होतं. पडद्यावर मोर आला. त्यांनी नक्षी खालून उतरवायला घेतली, जशी मागावर चढते तशी. आधी पाय, मग पोट, मग पिसाऱ्याची कड. एकशे चाळीस ओळींची नक्षी. साठाव्या ओळीला पडदा काळा झाला.

त्यांनी वाट पाहिली, बटण दाबलं. मोर परत आला. नव्वदाव्या ओळीला पुन्हा काळोख. गेनूकाका डोकावून गेले आणि म्हणाले, वीज कमी येते आहे. आणखी कोणी म्हणालं, नारळ फोडा. आप्पांनी नारळही फोडला. तिसऱ्या खेपेला पेटी पंधरा ओळी चालली, चौथ्या खेपेला सात. एकशे बाराव्या ओळीवर ते अडकले. मोर खांद्यापर्यंत आला होता. फक्त मान राहिली होती.

आप्पांनी पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखी तापली होती. त्यांनी कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. आणि तेव्हा, पन्नास वर्षं मागांचे आवाज ऐकलेल्या त्या माणसाला समजलं, की जे वाजायला हवं तेच वाजत नाहीये. कोणाला सांगायची गरज नव्हती. धागा धरायची गरज नव्हती. त्यांचा कान त्यांना स्वच्छ सांगत होता: थांब.

थांबले असते तर सगळं वाचलं असतं. इरफान तासाभराच्या वाटेवर होता. पण थांबायचं म्हणजे हिराच्या दारात जायचं. थांबायचं म्हणजे सभेत ती खरी ठरायची, आणि आप्पा त्या खोलीत, त्या म्हाताऱ्यांसमोर, बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकीचे. त्यांनी मनाशी म्हटलं, मानच तर राहिलीय. अठ्ठावीस ओळी. एकदाच.

आणि बटण दाबलं.

मोर आला. एकशे तेरा. एकशे चौदा. मग पेटीत फट् असा आवाज झाला, जाळीतून पांढरा धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास खोलीभर पसरला. पडदा काळा झाला तो झालाच.

इरफान दुपारी आला. यावेळी त्याला बोलवायला कोणी आडवं आलं नाही. त्याने पेटी उघडली, विजेचा डबा सोडवला आणि पंख्याला बोट लावलं. पंखा फिरला नाही. तेल, लव, राख, झेंडूची एक वाळकी पाकळी आणि दोन अक्षता त्याने टेबलावर काढून ठेवल्या. मग बराच वेळ त्याने दुसरंच काही तपासलं. नक्ष्या जिथे साठवलेल्या होत्या ती डिस्क.

"डबा जाताना एकटा गेला नाही, चाचा," तो शेवटी म्हणाला. "शेजाऱ्यालाही घेऊन गेला. मोठ्या शहरात पाठवून बघू."

"पंखा आवाज करत होता तेव्हा आला असतास तर?" आप्पांनी विचारलं. उत्तर माहीत असताना विचारलं.

इरफान पोरगा भला होता. त्याने पाकळी उचलली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, "तेव्हा मला कोणी बोलावलं नव्हतं ना."

डिस्क मोठ्या शहरात गेली आणि तीन आठवड्यांनी तशीच परत आली. काही निघालं नाही. मागांवर जे कागद चालू होते, त्या सात नक्ष्या वाचल्या. आप्पांनी ज्या चुलीत घातल्या नव्हत्या, तेवढ्याच. विकलेल्या साड्या कुठल्या कुठे पांगल्या होत्या.

पेटी जळाली त्याच संध्याकाळी आप्पा हिराक्काच्या दारात गेले. ती जमिनीवर बसून शाळेच्या चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी चौकोन भरत होती. शेजारी भरलेली तीन पानं पडली होती. तिला बातमी कळली होती आणि ती रडत बसली नव्हती.

"किती आठवतात?" आप्पांनी विचारलं.

"पुऱ्या अशा एकोणीस. बाकीच्यांचे तुकडे."

"मोर?"

तिने पान पुढे केलं. पाय होते, पोट होतं, पिसारा होता. खांद्याच्या वर कागद कोरा. "मानेला कसर लागली होती, आप्पा. ती मी तुम्हालाच विचारून भरली होती. तुम्ही बोटाने हवेत वळण दाखवलं होतं, किती चौकोन ते मी मोजून मांडले. आता मला आकडा आठवत नाही. तुम्ही दाखवा पुन्हा."

आप्पांनी बोट उचललं. हवेत मान काढली. पुन्हा काढली. प्रत्येक खेपेला वळण वेगळं आलं. हिराक्का पेन्सिल हातात धरून बघत राहिली, आणि पाचव्या खेपेनंतर तिने नजर वहीकडे वळवली, म्हणजे त्यांना तिच्यासमोर सहावी खेप करावी लागू नये. मग तिने उत्सवाचे जुने फोटो काढून बघितले. फोटोत देवीच्या गळ्यात हारच हार, साडीवरच्या मोराचं शेपूट तेवढं दिसत होतं.

"माझं चुकलं, हिरे," आप्पा म्हणाले.

"हो," ती म्हणाली. आणि मग, कारण ती वाईट बाई नव्हती, तिने त्यांना चहा दिला. पण 'जाऊ द्या' म्हणाली नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच.

पौषात देवीला साडी नेसवली. आप्पांनीच विणली. मोर पुढे बघत होता, कारण पुढे बघणारी मान कोणालाही मांडता येते. लोक म्हणाले, सुंदर. गेनूकाका म्हणाले, सुंदर. सभेत ठराव झाला, की जे झालं ते नशीब. ठरावाला आप्पांनी हात वर केला नाही, तेवढं एक त्यांनी केलं.

हिराक्का रोज एक पान भरते. प्रत्येक पानाच्या तीन नकला करते आणि तीन घरांत ठेवते. तिने कोणाची परवानगी घेतलेली नाही. आप्पा दुपारी तिच्या ओसरीवर येऊन बसतात, आठवेल तेवढं सांगतात, बहुतेक वेळा काही आठवत नाही. घरात तिचा माग चाललेला असतो, सून चालवते. मधेच मागाचा आवाज बदलतो, सून हात थांबवते, वाकून बघते, धागा जोडते. आप्पांची मान त्या क्षणी खाली जाते.

खोलीची किल्ली अजून त्यांच्या कमरेला आहे. कोणी मागितलेली नाही. त्या खोलीत आता उघडून बघण्यासारखं काही नाही.

तात्पर्य: जे कुरकुरतं ते अजून वाचवता येतं. त्याचं तोंड बंद केलं म्हणजे दुखणं बरं होत नाही, फक्त ऐकू येईनासं होतं. आणि दुसऱ्यांना थांबायला शिकवणारा मोठा माणूस स्वतः थांबला नाही, तर त्याच्या हट्टाची भरपाई मागून येणाऱ्यांना एकेक चौकोन मोजून करावी लागते, आणि तरीही ती पुरी होत नाही.